रेतीत पुरलेले अनारसे

काही पुरायचं असेल तर खूण दगडाची ठेवावी, झाडाची ठेवावी, तेही नसेल तर एक काडी रोवावी. बसलेल्या पाखराची खूण ठेवू नये. एवढी अक्कल कुत्र्यालाही असते. हाडूक पुरताना तो कावळ्याकडे बघून जागा ठरवत नाही. मी ठरवली. वैनगंगेच्या मधोमध, भर उन्हात, रेतीच्या बेटावर मी मामीचे अनारसे पुरले आणि शेजारी अंड्यांवर बसलेली एक पाखरीण नीट बघून ठेवली, की ही इथे बसली आहे, म्हणजे आपला माल हिच्या उजव्या हाताला. पाखराला उजवा हात कुठून आला, हा प्रश्न मला पडला नाही. त्या वेळी मी काही तान्ही नव्हते. चौथी पास झालेली, धानाच्या बांधीवर माणसांची न्याहारी पोचवणारी, परकर खोचून बैलाच्या मागे धावणारी चांगली घोडी होते. ही गोष्ट मी नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात, आणि मीही हसते. अनारसे का पुरले, एवढा भाग मात्र मी गाळून सांगते. इथे कोणी समोर बसून हसणारं नाही, तर सगळंच लिहून टाकावं.

आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूला, धानाच्या मुलखात. घरात चौघं : बाबा, माय, दादा आणि मी. सकाळी आधी उखळाचा आवाज यायचा, मग बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांचा, मग माय चूल फुंकायची त्याचा. जेवण म्हणजे भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची आंबट भाजी. बाजारातून सुके झिंगे आणलेले असले की दादा ते निखाऱ्यावर भाजायचा, आणि असा वास सुटायचा की आळीतली मांजरं आमच्या ओसरीवर सभा भरवायची. दादा माझ्याहून बराच मोठा होता. मिसरूड फुटलेली, आवाज फाटलेला. मला तो ‘डोकं’ म्हणून हाक मारायचा, कारण ते माझ्यापाशी नाही असं त्याचं ठाम मत होतं. रोवणीच्या दिवसांत तो तापानं गेला. सकाळी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधीत नेऊन टाकत होता. संध्याकाळी अंग चुलीसारखं झालं, आतल्या खोलीत त्याला निजवलं. चांद्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण नाले भरून वाहत होते. उतार पडेल म्हणून बाबा दोनदा नाल्यावर जाऊन पाणी बघून आले. गाडी जुंपलीच गेली नाही.

रोवणी थांबत नाही. उपटून ठेवलेले पऱ्हे कोणाची वाट बघत नाहीत, पिवळे पडतात. म्हणून राख सावडून झाल्यावर लोकांनीच आमच्या बांधीत हात लावला, आणि मागोमाग बाबा उतरले, माय उतरली, मीही उतरले. एरवी रोवणीला बाया गाणी म्हणतात. आमच्या बांधीत त्या वर्षी कोणी म्हटलं नाही. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज तेवढा होता, पुढे पुढे सरकणारा. मला अजूनही त्या महिन्यातलं काही आठव म्हटलं तर तोच आवाज आठवतो, दादाचा चेहरा आठवत नाही.

मला रडू आलं नाही. येईल येईल म्हणून मी वाट बघितली. पाय मुडपून बसलं की तो झोपतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तशी मी सगळीच्या सगळी झोपले होते. भेटायला आलेल्या बाया मला कवटाळून हंबरडा फोडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत राहायची, की हिच्या लुगड्याला ठिगळ कुठल्या रंगाचं लावलंय. एक जण म्हणालीच, पोरगी गोट्यासारखी हाये. मला ते मनाला लागलं. मग मी अक्कल लढवली : स्वयंपाकघरात जाऊन कांदा फोडला, डोळ्यांना लावला, आणि तसेच डोळे घेऊन बाहेर आले. बायांचं समाधान झालं. माझे डोळे मात्र दोन दिवस चुरचुरत राहिले, आणि घरात कांद्याचा वास कुठून आला हे बाबांना कळेना.

मायही रडत नव्हती. बोलायची ती कामापुरती. पाणी आण, दार लाव, कोंबड्या झाक. ताटावर बसायची, भात चिवडायची, घास हातात घेऊन तो तोंडापर्यंत न्यायच्या आधी आतल्या खोलीच्या दाराकडे बघायची, आणि ताट सारून उठायची. आमच्याकडे रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की त्या घरी गोड शिजत नाही. बाईच्या माहेरचे लोक येतात, तिला लुगडं नेसवतात, तिच्या तोंडात गोडाचा घास घालतात. आधी तिच्या, मग घरातल्या बाकीच्यांच्या. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. ते झालं की घर पुन्हा घरासारखं चालायला मोकळं. माझे मामा, मायचे धाकटे भाऊ, त्यासाठी दिवाळीला येऊन गेले, संक्रांतीला येऊन गेले. माय लुगडं नेसली. कुंकू लावून घेतलं. लाडू पुढे आला की तोंड मिटायची. रागानं नाही, हट्टानं नाही. वाऱ्यानं दार लागावं तसं ते मिटायचं. मामा लाडू हातात धरून बसायचे, मग तो डब्यात ठेवून द्यायचे, आणि तो आम्हांलाही मिळायचा नाही.

आता मला साखरेच्या दुखण्यामुळे गोड बंद आहे, आणि सुनेच्या कपाटातला गूळ मी चोरून खाते; तिला माहीत आहे, म्हणून ती जागा बदलत राहते आणि मी शोधत राहते. पण त्या वर्षी मला गोड नको होतं. त्यामागे माझा एक हिशोब होता. आमच्या शेजारी तानीबुढी म्हणून एक म्हातारी राहायची. दादा गेल्यावर ती ओसरीवर बसून बायांना समजावून सांगत होती, की तोंड गोड झाल्याबिगर मेलेल्याचा जीव कुठी जात नाई, घराच्या आढ्यावर बसून राह्यते. बाकीच्या बायांनी हो हो केलं आणि विसरल्या. मी नाही विसरले. मी अंगणात जाऊन आढ्याकडे बघितलं. तिथे छपराच्या कवेलूंवर एक पारवा बसला होता आणि शेपटीकडून घाण करत होता. मला वाटलं, ठीक आहे. दादाला वर बसायला आवडायचंच. आंब्यावर, गंजीवर, कुठेही. बसू दे. माय गोड खात नाही तोवर तो कुठे जात नाही, आणि माय तर खातच नाही. व्यवस्था मला पटली. रोज दिवेलागणीला मी आढ्याकडे एकदा नजर टाकायची आणि आत जायची. त्यात दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. गोठ्यात बैल आहे ना, एवढं बघावं, तसं.

उन्हाळा लागला आणि मामा गाडी घेऊन आले. आम्हा दोघींना आपल्या गावी घेऊन गेले. त्यांचं गाव वैनगंगेला लागून, घराच्या मागच्या दारातून नदीचं पात्र दिसायचं. मामा लुकडे, उंच, सतत पान खाणारे. मामी ठेंगणी, गोल आणि तोंडानं कधी रिकामी नसलेली. तिनं आम्ही यायच्या आधीपासून अनारशांची तयारी करून ठेवली होती. तांदूळ भिजवून, सावलीत वाळवून, कुटून, गुळात कालवून ते पीठ मुरत ठेवलं होतं. खसखस त्या बाजाराला मिळत नसे, म्हणून ती वरून जंगलातली चारोळी लावायची. अनारसा कढईत पसरून विरघळला की बाया म्हणतात, हसला. मामीचे अनारसे हसत नसत. ती चुलीपुढे बसून त्यांना दटावत असावी असं वाटायचं.

पहिल्या दिवशी घरातच दुखवटा काढायचा बेत होता. पण गावातल्या बाया जमल्या, एकीनं सूर लावला, दुसरीनं धरला, आणि माय भिंतीकडे तोंड करून बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी मी गोठ्याच्या भिंतीमागे उभी होते, कशासाठी ते आठवत नाही, आणि मामा मामीला सांगत होते : “बाईचे हात पाह्यले का तू? बांगड्या कोपरापर्यंत चढून राह्यल्या. आता बी नाई खाल्लं त हे बाई पावसाळा काढत नाई.” मामी म्हणाली, मंग? मामा म्हणाले, घरात रडं येते, उद्या तिले बेटावर नेऊ. लहान होती तवा तिथी डांगरं खायले जायची. तिथी खाईल.

हे सगळं मी ऐकलं. शब्द न शब्द ऐकला. बाई म्हणजे माझी माय, पावसाळा काढत नाही म्हणजे काय, हे मला कळत होतं. आणि तरी ते माझ्यात कुठे उतरलं नाही. दुसऱ्या गावच्या कोणाच्या तरी मायबद्दल कोणी बोलतंय असं वाटलं. डोक्यात गेलं ते एवढंच, की उद्या ही खाणार, आणि उद्या दादा आढ्यावरून उठणार. आता त्या पोरीला समोर उभं करून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. मग वाटतं, देऊन तरी काय, तिला लागलंच नसतं.

सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. मामा, मामी, माय आणि मी. मामीनं अनारसे पळसाच्या पानांत गुंडाळून बांबूच्या टोपलीत ठेवले होते, वर फडकं बांधलं होतं. टोपली तिनं मांडीवर घेतली होती आणि डोंग्यात बसताना मामाला बजावलं, की मी बुडाली त आधी टोपली काढजा. मामा म्हणाले, तू कशाले बुडतं, तू त तरंगशील. मायनं हसावं म्हणून ते बोलत होते हे मलाही कळत होतं. माय पाण्यात बघत होती. डोंगा चालवणारा सोमा ढिवर. बेटावर त्याचीच डांगरवाडी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ढिवर लोक रेतीत चर खणून, त्यात खत घालून डांगरं लावतात, टरबूजंच ती, आणि पिकं निघेपर्यंत तिथेच मांडव घालून राहतात. त्याची बायको फुलाबाई मांडवात होती. पावसाळ्यात ते अख्खं बेट पाण्याखाली जातं.

बेट म्हणजे एका टोकाला काळे खडक, मधे झाऊची झुडपं, आणि बाकी नुसती रेती, इतकी पांढरी की डोळे आपोआप बारीक व्हायचे. खडकावर एक मगर तोंड उघडं टाकून पडली होती. मामी म्हणाली, लाकूड हाये. सोमा म्हणाला, लाकूडच हाये, जाऊन बसा. पलीकडच्या काठाला जंगल पाण्यापर्यंत आलेलं होतं, आणि तिथे चितळांचा एक कळप पाणी पीत होता. एक एक जण मान खाली घालायचं, बाकीची माना वर ठेवायची. खडकाच्या आडून पाणमांजरं निघाली. एकामागे एक पोहताना एकच लांब जनावर पोहतंय असं वाटायचं. एकानं मासा धरला आणि उताणं पडून, पोटावर ठेवून, दोन्ही हातांनी खाल्ला, अगदी आमच्या पोलीस पाटलासारखा. मी हे सगळं बघितलं. आज ते मला चित्रासारखं स्वच्छ दिसतं. त्या दिवशी मात्र, ही मगर, हे चितळ, हे पाणमांजर, असं मनातल्या मनात एकेकाला बाजूला ठेवत गेले.

रेतीच्या मोकळ्या भागात पाखरं बसली होती. अंगानं राखी-पांढरी, डोक्याला काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी. घरटं नाही, काडी नाही. रेतीत खळगा करून त्यात अंडी, आणि त्यावर आपण. माझ्या नातवानं अलीकडे पुस्तकात बघून सांगितलं, आजी, त्याला नदी सुरय म्हणतात. म्हणत असतील. आम्ही त्यांना काही म्हणत नव्हतो.

मामीनं पातळाचा काष्टा घालून पाण्यात बैठक मारली. गुडघाभर पाणी, खाली मऊ रेती. म्हशीसारखी बसली आणि तोंडानं चालूच, की ये वं पोरी, ये, पाणी कसं गार हाये. मामा काठाकाठानं शिंपले गोळा करत होते आणि आपल्यालाच दाखवत होते. माय मांडवाच्या सावलीत गुडघ्यात हनुवटी घालून बसली होती. टोपली तिच्यापासून हातभर लांब. मी टोपली उचलली. तिनं मला बघितलं. काय करतेस, असं विचारलं नाही. मी टोपली काखेत मारून झाऊच्या झुडपामागून पाखरांच्या दिशेनं गेले, एका बसलेल्या पाखरिणीपासून थोडं अंतर ठेवून हातांनी खोल खड्डा केला, पळसाच्या पानांसकट सगळे अनारसे त्यात ठेवले, रेती लोटली, वरून हात फिरवून सारखं केलं. मन लावून केलं. इतकं सारखं केलं की देवालाही दिसू नये. एकही अनारसा चाखला नाही, हे मला खास सांगायचं आहे, कारण पुढे मामीचा कधी यावर विश्वास बसला नाही. मग मी रिकामी टोपली फडकं बांधून जागेवर आणून ठेवली आणि पाण्यात जाऊन मामीजवळ बसले. मामीनं माझ्या डोक्यावर पाणी घातलं.

ऊन डोक्यावर आल्यावर सगळे मांडवात जमले. मामानं हातपाय धुतले, पान थुंकलं, चूळ भरली. मायच्या समोर बसले. मामीनं फडकं सोडलं, आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही, हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदाच बघितलं. तिनं टोपली उलटी केली. मामानं सोमाकडे बघितलं, सोमानं फुलाबाईकडे, फुलाबाईनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, की आमाले तुमच्या गोडाची हाव नाई. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कोपरापर्यंत रेती चिकटलेली होती.

मामा माझ्यासमोर उकिडवे बसले. मारणार असं वाटलं, पण त्यांचा आवाज उलट खाली गेला. “खाल्ले असशील त सांग, सुमे. मी नाई मारत.”

“नाई खाल्ले. गाडले.”

“कुठी?”

मी बोट दाखवलं. त्या पाखराच्या बाजूले.

तिथून पुढे जे झालं ते मला आजही सरळ तोंड ठेवून सांगता येत नाही. आम्ही सगळे त्या रेतीकडे निघालो, आणि जवळ पोचताच एकजात सगळी पाखरं उठली. वर आरडाओरडा, खाली नुसती रेती. माझ्या हातानं नीट सारखी केलेली आणि देवानं सारखी केलेली, दोन्ही एकसारख्या. मामानं विचारलं, कोणतं पाखरू? मी वर बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, कोणतं, आणि मी आकाशात बोट दाखवलं, की ते असेल. सोमा खाली बसून हसायला लागला. आपण मागे सरलो तर ते येऊन पुन्हा बसेल, असं मी सुचवलं; तेवढी हुशारी माझ्याकडे होती. मागे सरलो. पाखरं उतरली. इथे एक, तिथे एक, पलीकडे पाच, अलीकडे सात, सगळी तीच काळी टोपी घालून, आणि सगळी मला आपली वाटत होती. मग मामा चिडले आणि दिसेल तिथे खणू लागले. एक पाखरीण खाली झेपावली आणि त्यांच्या टोपीवर चोच मारून गेली. मामीनं टोपली डोक्यावर उपडी घालून खणायला घेतलं, तिच्या हाताला गोल पांढरं काही लागलं, ती सापडले म्हणून उठली, तर ती कासवाची अंडी. सोमानं ती तिच्याकडून परत पुरून घेतली. मामी उन्हात उभी राहून एकेक अनारसा आठवू लागली, तांदूळ कोणत्या दिवशी भिजवले तिथपासून.

माय मांडवातून उठून कधी आली ते आम्हांला कळलं नाही. ती जवळ उभी होती. मामानं हात झाडले आणि माझा दंड धरून मला उभं केलं.

“काऊन गाडले वं?”

मी सांगणार नव्हते. पण खोटं काय सांगावं तेही सुचेना, म्हणून खरं सांगितलं. “मायनं खाल्ले त दादा आढ्यावरून चालला जाईल.”

मामाचा हात सुटला. मामी होती तिथेच बसली, डोक्यावर टोपली तशीच. कोणी मला रागावलं नाही, कोणी जवळ घेतलं नाही. पाखरं वर ओरडत होती. मायनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सांगता येणार नाही, फक्त त्या आधी कित्येक महिन्यांत तिनं मला असं बघितलं नव्हतं, हे सांगता येतं. मग ती वळून मांडवाकडे चालू लागली. आम्ही तिच्या मागे.

फुलाबाईला या सगळ्यातलं काही माहीत नव्हतं, किंवा होतं आणि तिला कामं होती. तिनं वाडीतून एक डांगर आणलं, मांडीवर धरून मुठीनं फोडलं, आणि त्यातला मोठा तुकडा मायच्या हातात दिला. नुसतं एवढंच म्हणाली, की घे वं बाई, ऊन लागून राह्यलं. मायनं तो घेतला. घास तोंडापर्यंत नेताना ती थांबायची तशी थांबली. पण दाराकडे बघायला तिथे दार नव्हतं. समोर मी उभी होते, रेतीनं माखलेली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि डांगराला तोंड लावलं. लाल पाणी तिच्या हनुवटीवरून, मनगटावरून, बांगड्यांतून खाली गेलं. तिनं अख्खा तुकडा खाल्ला, बिया हातात थुंकत, लहान पोरीसारखा. मग हात पुढे केला. फुलाबाईनं दुसरा दिला.

मामीनं मामाला कोपरानं ढोसलं आणि तिला वाटतं त्या हळू आवाजात विचारलं, की डांगर गोडात धरते का? ते त फळ हाये. मामा म्हणाले, चूप बस. तेवढ्यात फुलाबाईला राग आला, की माझं डांगर गोड नाही असं कोण म्हणतं, आणि तिनं मामीच्या तोंडात एक फोड कोंबली. मामी चावू लागली. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती चावतच राहिली. मामानं माझ्यापुढे तुकडा धरला. आधी बाईच्या तोंडात, मग बाकीच्यांच्या. मी घेतला. गोड लागलं का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. गार लागलं. एवढं नक्की आठवतं, दातांना गार लागलं. आणि आढं तिथून दिसत नव्हतं.

परतीच्या डोंग्यात बसलो. मामी रिकामी टोपली मांडीवर घेऊन पेंगत होती, मामा तिला पाण्यात कलू देत नव्हते. सोमा वल्हं मारत होता. मी मायच्या पायाशी बसले होते, आणि तिनं माझा एक हात धरून डोंग्याबाहेर पाण्यात धरला होता, त्यावरची रेती आपल्या अंगठ्यानं घासून काढत होती. बोटांच्या बेचक्यांतली, नखांतली. एक हात झाला, मग दुसरा मागितला. काठ जवळ आला तेव्हा ती बोलली. माझ्याकडे न बघता, हात घासत घासत, दार लाव म्हणायची त्याच आवाजात.

“त्याचा जीव गेला तवा मी चुलीपाशी जेवत होती, सुमे. आज बी खाल्लं मी. तू हायेस नं इथी?”